सव्वासातचा वरण-भात

"मॅडम, काल मी तिला धपाटा घातला. जोरात. अडीच वर्षांची आहे हो ती." कोथरूडची ही आई खुर्चीत टेकायच्या आधीच बोलून गेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) निमित्त वरण-भाताचं. लेकीनं वाटी भिरकावली, भिंतीवर पिवळा ओघळ आला आणि हिचा हात उठला.

राग आवरायचा कसा, हे विचारणारे आईबाबा माझ्याकडे सतत येतात. मी मुलीबद्दल काहीच विचारलं नाही. "तुम्ही स्वतः काय खाल्लं होतं?" दुपारी एकला डबा, बस्स. मग हिंजवडीहून निघून, चांदणी चौकात रखडत, पाळणाघरातून लेकीला घेऊन सव्वासातला घरी. पर्स खाली ठेवली की कुकर. म्हणजे भुकेले, दमलेले दोन जीव रोज नेमके त्याच वेळी समोरासमोर. त्यातल्या एकीला अजून धड बोलताही येत नाही. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशी निम्मी सरेपर्यंत घडत असतो; ही पोर मुद्दाम छळत नव्हती.

"माझा मेंदू तर घडलाय ना?" ती म्हणाली. घडलाय, पण उपाशीपोटी त्याचंही फारसं चालत नाही.

ठरलं ते साधंच. पाळणाघराच्या दारात गाडी थांबवून आधी एक शेंगदाण्याचा लाडू खायचा. घरी आल्यावर दहा मिनिटं फरशीवर लेकीजवळ बसायचं, स्वयंपाकघरात जायचंच नाही. आणि कुकर? नवरा घरूनच काम करतो, मग कुकर त्यानं का लावू नये? या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प राहिली. पुढची अख्खी भेट त्यातच गेली, त्यालाही बोलावून.

तरीही डोकं फिरेलच. तेव्हा हातातलं खाली ठेवायचं, मोठ्यानं म्हणायचं, "आई चिडलीये, पाणी पिऊन येते," आणि लेक नजरेसमोर राहील इतपतच लांब जायचं. घोट घोट पाणी, लांब उच्छ्वास. हात उठलाच, तर नंतर "मी मारलं, ते चुकलं" एवढं तिला सांगायचं. "लेकरांची कसली माफी मागता?" असं सासूबाई म्हणाल्या. म्हणू देत.

तीन आठवड्यांनी तिचा मेसेज आला : "काल ओरडले. मारलं नाही. भिंत पुन्हा पिवळी. या वेळी ह्यांनी पुसली."