पाळी बंद, नडगी दुखतेय, तरी पळू द्यायचं का?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, माझी मुलगी १६ वर्षांची आहे, ३००० मीटर पळते. गेले पाच महिने तिला पाळी आलेली नाही. सर म्हणतात एवढी प्रॅक्टिस करणाऱ्या मुलींचं असं होतंच, उलट वजन उतरल्यापासून टायमिंग सुधारलंय. सासूबाई म्हणतात कटकट गेली. आता नडगी दुखते, बाम चोळून पळायला जाते. काळजी करण्यासारखं आहे का? – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, हो, आहे. आणि तिला याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. बऱ्याच खेळाडू मुलींचं असं होतं हे खरंय, पण म्हणून ते नॉर्मल नाही, सलग तीन महिने पाळी चुकली की तपासायलाच हवं. होतं काय, की पळण्यात जेवढं खर्च होतं तेवढं पोटात जात नाही, मग शरीर काटकसर करायला लागतं आणि पाळी थांबते. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन, म्हणजे पाळी आणि हाडं सांभाळणारं हार्मोन, कमी पडलेलं असतं, आणि ते कमी पडलं की हाडं कमजोर होतात, आणि नेमकं हेच वय हाडं भरायचं असतं, आत्ता राहिलेली कसर पुढे पूर्ण भरून निघेलच असं नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक कमिटीने २०१४ मध्ये या प्रकाराला, म्हणजे खेळाडूच्या शरीराला खर्चाच्या मानाने ऊर्जा कमी पडण्याला, रेड-एस असं नावच दिलंय. वजन उतरल्यावर सुरुवातीला टायमिंग सुधारतं ना, तिथेच सगळे फसतात.

नडगीचं मला जास्त टेन्शन आहे. बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येते का, एका पायावर उडी मारली की दुखतं का, रात्री ठणकतं का? यातलं एक जरी हो असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतं, तपासणी होईपर्यंत पळणं आजपासून बंद. एक्स-रे सुरुवातीचे दोन-तीन आठवडे चक्क नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका, एमआरआय लागेल का ते विचारा.

रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी, थायरॉईड, प्रोलॅक्टिन (वाढलं तर पाळी थांबवू शकणारं हार्मोन) बघतील. प्रेग्नन्सी टेस्टही सांगतील, पाळी थांबली की ती सगळ्यांचीच करतात, त्यावरून घरात तिला कुणी काही बोलायचं नाही. नुसत्या गोळ्या देऊन पाळी आणली म्हणजे प्रश्न सुटला असं नसतं, कारण मूळ उपाय खाणंच आहे.

पहाटे नुसत्या चहावर ग्राउंडवर पाठवू नका, निदान एक केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू, आणि परत आली की लगेच दूध, अंडी, भाकरी-उसळ, जे घरात असेल ते पण पोटभर. उपवास सध्या अजिबात नको, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी.

आणि सरांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा, रिपोर्ट दाखवा. पुन्हा पळणं कधी आणि किती ते डॉक्टर ठरवतील, आणि तोवर तिच्यासमोर वजनाचा विषय कुणीच काढायचा नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा.