मे महिन्याचं शिबिर कुणाचं?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. आपल्या क्लबच्या बोर्डाच्या सभेत रक्तदान शिबिरांची जबाबदारी तुझ्या गळ्यात पडली आणि लगेच तुझा लांबलचक मेसेज आला: पंधरा ऑगस्ट, पाचशे बाटल्यांचं लक्ष्य, पालिकेच्या शाळेचा हॉल, ढोलताशा, शिवाय प्रत्येक रक्तदात्याला हेल्मेट. उत्साह बघून बरं वाटलं. पण निवृत्त होईपर्यंत मी रक्तपेढीत टेक्निशियन होते, त्यामुळे क्लबचं बॅनर मला जरा मागच्या बाजूने दिसतं. सभेत सगळ्यांसमोर तुझा हिरमोड नको, म्हणून इथे लिहिते.

पाचशेचा आकडा आधी खोडून टाक. तांबड्या पेशी फार तर 42 दिवस टिकतात आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, जेमतेम 5 दिवस. पंधरा ऑगस्टला घेतलेल्या पेशींची मुदत सव्वीस सप्टेंबरला संपली, मग त्या दिवशी व्यासपीठावर कोण बसलं होतं याला काही अर्थ उरत नाही. त्यात त्याच आठवड्यात मंडळं, पक्षाच्या शाखा, बँका, आपल्यासारखे क्लब, सगळे शिबिरं भरवतात. रक्तपेढीचे फ्रीज गच्च भरतात आणि तरी डॉक्टर ‘आज पुरे’ म्हणायला कचरतात, कारण कार्यकर्ते नाराज झाले तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत. याहून मोठं नुकसान कुणाच्या लक्षातच येत नाही. एकदा रक्त दिलं की पुरुषाला 90 दिवस आणि बाईला 120 दिवस पुन्हा देता येत नाही. म्हणजे भरल्या फ्रीजमध्ये रक्त देऊन गेलेला माणूस दिवाळीच्या टंचाईत आपल्या हाताशी नसतो.

टंचाईचे दिवस ठरलेले आहेत. मे महिना आणि दिवाळीच्या आसपासचे आठवडे. कॉलेजं बंद, त्यामुळे एनएसएसची शिबिरं बंद. चाकरमानी गावी गेलेले, सोसायट्यांमध्ये कुलपं. ऑपरेशनं मात्र चालूच असतात. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या पोरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नाही.

आता गंमत बघ. आपलं क्लबचं वर्ष एक जुलैला सुरू होतं. नवे प्रेसिडेंट, नवी पिन, नवा जोश. जुलैपासून डिसेंबरपर्यंत प्रोजेक्टची झुंबड. मे उजाडेपर्यंत पैसे संपलेले, रिपोर्ट वर पाठवलेले, अध्यक्षांचं अर्धं लक्ष निरोप समारंभाकडे आणि येणाऱ्या अध्यक्षांच्या हातात अजून काही आलेलं नसतं. शहराला रक्त हवं असतं नेमकं तेव्हा आपण दोन गाद्यांच्या मध्ये असतो. कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही. पण मेचं शिबिर धड जुन्याचंही नसतं, धड नव्याचंही नसतं. तेव्हा जुलैच्या पहिल्याच सभेत मेसाठी पैसे बाजूला काढून घे आणि ठराव मिनिट्समध्ये लिहवून घे. सेक्रेटरी कुरकुर करतील, करू देत.

मेमध्ये माणसं कुठून आणायची, हा तुझा प्रश्न असेल. जे गावी जात नाहीत त्यांच्याकडे जायचं. लोअर परळची ऑफिसं मेमध्ये बंद पडत नाहीत, तिथे एसी असतो आणि जेवायच्या सुट्टीच्या आगेमागे लोक सुटे होतात. पोलीस वसाहत आहे, बेस्टचा डेपो आहे. मात्र सिक्युरिटीवाल्यांना रात्रपाळी संपल्या संपल्या रांगेत उभं करू नकोस. झोप न झालेल्याचं रक्त घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. एका शिबिरात रक्तपेढीने मागितल्या तेवढ्याच पिशव्या. साठ म्हणाले तर साठ. उरलेल्यांची नावं-नंबर लिहून घ्यायचे आणि पुढच्या वेळी त्यांना आधी बोलवायचं.

तारीख पक्की करण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघ. हसू नकोस. उपाशीपोटी रक्त द्यायचं नसतं, आणि मुंबईत संकष्टीला निम्मी चाळ उपाशी असते. श्रावणी सोमवार, एकादशी, महाशिवरात्र टाळ. मोहल्ल्यात शिबिर घेणार असशील तर रमजान टाळ, नाहीतर इफ्तारनंतरची वेळ चालेल का ते रक्तपेढीला विचार. पावसाळ्यात मलेरियाची चौकशी नीट व्हायला हवी. तो होऊन गेला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने थांबावं लागतं.

हेल्मेटचं काय करायचं? रद्द कर. वस्तू मिळणार म्हटलं की माणूस कावीळ लपवतो, चालू औषधं लपवतो, दोन महिन्यांपूर्वीच दिलेलं रक्तही लपवतो. तपासण्या सगळ्या होतात, पण नुकतीच झालेली लागण तपासणीत दरवेळी सापडतेच असं नाही. फॉर्मवरचं खरं उत्तर ही पहिली चाळणी, आणि ती आपणच भेटवस्तू देऊन फाडायची? चहा, बिस्किटं, सर्टिफिकेट एवढं पुरे.

एक जागा मात्र अशी आहे जिथे तू स्वतः उभं राहावंस असं मला वाटतं, ते म्हणजे हिमोग्लोबिनचं टेबल. तिथे बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. थेंब सरळ तळाला गेला तर हिमोग्लोबिन 12.5 च्या वर, म्हणजे पास. वरच रेंगाळला तर नापास. आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, तेव्हा हा तरंगणारा थेंब बहुतेक वेळा साडी नेसून आलेल्या, घरचं आवरून धावतपळत आलेल्या बाईचा असतो. आणि आपला एखादा स्वयंसेवक रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, ‘मॅडम, तुमच्यात रक्तच नाही!’ ती पुन्हा कधी शिबिरात येत नाही. त्याच टेबलाशेजारी दोन खुर्च्या टाक, एक डॉक्टर बसव. तिचा आकडा कागदावर लिहून द्यावा, पालिकेच्या दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात हे सांगावं, गोळीबरोबर चहा घेऊ नका हेही सांगावं. तीन महिन्यांनी तिला फोन करायचा. माझ्या मते शिबिराचं निम्मं काम या दोन खुर्च्यांवर होतं, पण ते फोटोत येत नाही म्हणून कुणी करत नाही.

खरं तर शिबिरापेक्षाही मला एक यादी हवी आहे. आपल्या क्लबपासून चालत जाण्याच्या अंतरावर टाटा, केईएम आणि वाडिया ही रुग्णालयं आहेत. टाटा हे कॅन्सरचं रुग्णालय 1941 पासून तिथे आहे आणि देशभरातून माणसं येतात. बुलढाण्याहून, बिहारहून, बंगालहून. केमो चालू असताना प्लेटलेट कोसळतात, नातेवाइकांना डोनर आणायला सांगतात, आणि त्यांना मुंबईत ओळखणारं कुत्रं नसतं. फुटपाथवर वळकटी टाकून बसलेला बाप डोनर कुठून आणणार? मशीनवर प्लेटलेट द्यायला तास-दीड तास लागतो, तांबड्या पेशी आपल्याला परत मिळतात, आणि हे दान 48 तासांनंतर पुन्हा करता येतं. आठवड्यात दोनदा आणि वर्षात 24 वेळा ही मर्यादा. तुझ्या वयाची, धडधाकट, परळ-लालबागमध्ये राहणारी वीस पोरं जमव. त्यांची आधी एकदा तपासणी करून घे, रक्तगट आणि सोयीची वेळ लिहून ठेव. फोन आला की पाऊण तासात पोचतील अशीच नावं. ‘बघतो, सांगतो’ म्हणणारी नावं वेगळ्या वहीत.

प्रेसिडेंटना हे पटवणं सोपं जाणार नाही. यादीचं उद्घाटन होत नाही. त्यांना पंधरा ऑगस्टला झेंडावंदन आणि नावनोंदणी दे, फोटोही काढ. नंबर मात्र तुझ्याकडे राहू दे, आणि पुढच्या जुलैत पद दुसऱ्याकडे गेलं तरी ही वही सोडू नकोस.

मंगळवारी संध्याकाळी घरी ये. येताना गेल्या वर्षीचं डोनर रजिस्टर घेऊन ये, मी जुन्या ओळखीच्या दोघा ब्लड बँकवाल्यांना फोन लावून मेमध्ये कोणता आठवडा सगळ्यात कोरडा जातो ते विचारते.

तुझी,
काकू

ता. क. टॅटू काढून वर्ष झालं नसेल तर रक्त देता येत नाही. तुझ्या मनगटावरचा नवा कोरा बघितलाय मी. तू यंदा टेबलच सांभाळ.