बाप्तिस्मा ‘झाला’ की ‘घेतला’?

उन्हाळा लागला की आमच्या खानदेशातल्या ख्रिस्ती घरांत लग्नं वाढतात आणि त्यांच्या मागोमाग बाप्तिस्म्याचे वादही. सोयरीक जुळताना आधी आडनाव बघतात, मग मंडळी, म्हणजे कोणत्या चर्चचे, ते बघतात. या खेपेची जवळजवळ सगळी पत्रं त्यावरच आहेत.

लहानपणी भुसावळच्या चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, पुढे दृढीकरणही (मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) झालं. लग्न साक्रीकडच्या घरात ठरलंय. ती मंडळी फक्त मोठ्यांना, बुडवून बाप्तिस्मा देते. होणारे सासरे मायेनं म्हणतात, “आखो एकदाव ली ले पोरी, काय बिघडस?” घेऊ का?
– एक वाचक, भुसावळ

ताई, सगळा वाद तुमच्या चार ओळींतच आहे. तुम्ही लिहिता, बाप्तिस्मा ‘झाला’. सासरे अहिराणीत म्हणतात, ‘ली ले’, म्हणजे घेऊन टाक. दोन हजार वर्षांचं भांडण या दोन क्रियापदांत मावतं. ‘झाला’ म्हणणाऱ्यांच्या लेखी तिथे करणारा देव आहे, माणूस फक्त पाण्यापाशी आणला जातो. मग तो चाळीस दिवसांचा असो की चाळीस वर्षांचा. ‘घेतला’ म्हणणाऱ्यांच्या लेखी विश्वास ठेवलेला माणूस चारचौघांत आपला शब्द देतो. पाळण्यातलं बाळ शब्द देऊ शकत नाही, म्हणून त्याला पाणी लावलं तरी तो बाप्तिस्मा नव्हे.

आता सासऱ्यांचा ‘आखो’, म्हणजे ‘आणखी’, बघा. त्यांच्याच मंडळीच्या शिकवणुकीत तो शब्द बसत नाही! लहानपणीचा बाप्तिस्मा खरा असेल तर दुसऱ्याची गरज नाही, आणि खरा नसेल तर हा पहिलाच. २१ जानेवारी १५२५ ला झुरिकमध्ये काही जणांनी एकमेकांना असा बाप्तिस्मा दिला, तेव्हा लोकांनी त्यांना ‘पुन्हा बाप्तिस्मा देणारे’ असं नाव ठेवलं. ते त्यांना कधीच पटलं नाही. आमचा आधी झालाच नव्हता, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ रोजी लिमात नदीत बुडवून मारलं. भांडण पाण्याचं, म्हणून शिक्षाही पाण्याचीच, इतका तो राग.

‘झाला’वाल्यांची परंपरा याहून जुनी आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणत होता की पाखंड्यांनी दिलेला बाप्तिस्मा धरू नका. रोमचा बिशप स्तेफन म्हणाला, एकदा झाला तो झाला, परत नको. पश्चिमेकडच्या मंडळीत पुढे रोमचंच चाललं. म्हणून आजही पाणी आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे नाव असेल, तर प्रोटेस्टंटांनी दिलेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं.

सासरे बहुधा प्रेषितांच्या कृत्यांचा १९ वा अध्याय उघडतील. इफिसमधल्या बाराएक शिष्यांना पौलाने बाप्तिस्मा दिला, आणि त्यांचा आधीही एक झालेला होता. पण तो योहानाचा होता, येशूच्या नावाने नव्हता. तुमचं तसं नाही.

माझं मत विचाराल तर लग्नासाठी घेऊ नका. लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हता असं तुम्हाला आतून पटलं, तर जरूर घ्या, मग लग्न ठरो वा मोडो. नसेल पटत, तर दोन्हीकडच्या पाळकांना एकत्र बसवा. हे जमतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी उभी राहिली. त्यात अँग्लिकन होते तसे बाप्टिस्टही होते. बाळांचा बाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती त्यांनी एका छपराखाली ठेवल्या. सहा मंडळ्यांना जे साधलं, ते दोन व्याह्यांना साधायला हरकत नाही.

मी धुळ्यात कॉलेजला आहे. रूमवरचा मित्र म्हणतो, बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही, मार्क १६:१६ वाच. आमचे पाळक म्हणतात, तारण फक्त विश्वासाने, इफिस २:८ वाच. बायबल एकच, मग खरं कोणाचं?
– एक विद्यार्थी, धुळे

भाऊ, दोघंही आपापल्या सोयीची वचनं काढतात. आधी मार्क. विश्वास धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याचं तारण होईल, असं तिथे आहे खरं. पण वाक्याचा उत्तरार्ध वाच. जो विश्वास धरत नाही त्याच्यावर शिक्षा. ‘बाप्तिस्मा घेत नाही’ असं तिथे नाही. शिवाय मार्कच्या १६ व्या अध्यायातली ९ ते २० ही वचनं सिनाई आणि व्हॅटिकन या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत. त्यांच्यावर एवढी मोठी इमारत मी उभारणार नाही.

तुझ्या मित्राने प्रेषित २:३८ काढलं असतं, तर त्याची बाजू जास्त भक्कम झाली असती. पश्चात्ताप करा आणि पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या, असं पेत्र म्हणतो. आपल्या मराठीत ‘घ्या’ आहे. मूळ ग्रीकमध्ये क्रियापद कर्मणी आहे, म्हणजे ‘तुमचा बाप्तिस्मा होऊ द्या’. आणि २२:१६ मध्ये हनन्या पौलाला सांगतो, तिथे रूप वेगळं आहे. ते ‘स्वतःचा करवून घे’ याच्या जवळ जातं. झालं आणि घेतलं, दोन्ही एकाच पुस्तकात!

पेत्राच्या पहिल्या पत्रात तर बाप्तिस्मा आता तुम्हाला तारतो, असं उघड लिहिलंय (३:२१). लगेच पुढे तो सांगतो की अंगाचा मळ धुणं म्हणजे हे नव्हे. मग काय? तिथला ग्रीक शब्द असा आहे की ‘देवाकडे केलेली विनवणी’ असाही लागतो आणि ‘देवाला दिलेला शब्द’ असाही. अनुवादकांत अजून एकमत नाही.

तुझ्या पाळकांनाही एक प्रश्न विचार. ‘कृपेने, कर्मांनी नव्हे’ हे बाप्तिस्म्याच्या विरोधात कसं जातं? सोळाव्या शतकातला धर्मसुधारक लूथर इफिस २:८ वर जीव टाकणारा माणूस, पण बाळांचा बाप्तिस्मा त्याने सोडला नाही. त्याचं म्हणणं, बाप्तिस्मा हे माणसाचं कर्मच नाही, देवाचं आहे. बाळाने काय केलं, नुसतं भिजलं! त्याच काळातला दुसरा सुधारक झ्विंगली, त्याने बाप्तिस्म्याला खूण मानलं. तिसरा कॅल्विन, तो मधला. खूण आहे, पण देवाने मारलेल्या शिक्क्यासारखी. जुन्या करारातल्या सुंतेच्या जागी आलेली. बाप्टिस्टांच्या लेखी ती आज्ञापालनाची साक्ष, तारण त्याआधीच झालेलं. आणि तुझ्या मित्रासारखं, पाण्यातच क्षमा मिळते पण ती मोठ्यांना आणि विश्वासासह, असं मानणारेही आहेत.

क्रमाचं म्हणशील तर प्रेषितांच्या कृत्यांत एक नियम सापडत नाही. शोमरोनात बाप्तिस्मा आधी, पवित्र आत्मा नंतर (अध्याय ८). कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी आत्मा आधी उतरला, पाणी मागून आलं (अध्याय १०). त्या दिवशी पेत्राने जे केलं ते मला सगळ्यांत पटतं. ‘आत्मा मिळाला, आता पाणी कशाला’ असं तो म्हणाला नाही, आणि ‘पाण्याआधी आत्मा कसा’ असंही नाही. त्याने पाणी मागवलं.

आई तीन वर्षं उपासनेला यायची. पाम संडेला बाप्तिस्मा ठरला होता, पांढरी साडी आणून ठेवली होती. आदल्या बुधवारी ती गेली. नातेवाइकांतले एक उपदेशक दफनाच्या वेळी म्हणाले, “थोडक्यात राहिलं.” तेव्हापासून झोप नाही.
– एक मुलगा, चाळीसगाव

दादा, काहीही राहिलेलं नाही. तुमच्या आईसारखाच प्रसंग ३९२ साली एका सम्राटावर आला. दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याची वाट पाहत होता, त्याआधीच तो मेला. बहिणी रडत होत्या. मिलानचा बिशप अँब्रोज याने त्यांना सांगितलं, की त्याने जे मागितलं होतं ते त्याला मिळालं आहे. आणि बाप्तिस्मा तारणाला आवश्यक आहे असं मानणाऱ्यांतलाच हा बिशप. कॅथलिक शिकवणीत याला इच्छेचा बाप्तिस्मा म्हणतात. त्यांच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही आहे की देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधलं, पण देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. इतर बहुतेक मंडळ्यांना तर इथे अडचणच नाही. वधस्तंभावरच्या चोराला येशूने त्याच दिवशी सुखलोक देऊ केला, पाण्याचा थेंब नसताना.

ती साडी कपाटात असेल तर ठेवा, किंवा कुणा बाप्तिस्मा घेणाऱ्या बाईला द्या. आणि त्या उपदेशकांना पुढच्या वेळी चहा पाजा, पण प्रार्थना सांगू नका.

मे महिन्यात नदीला पाणी नसतं. आम्ही केळीच्या बागेतल्या शेततळ्यात बाप्तिस्मे करतो. काही जण म्हणतात, वाहतं पाणीच पाहिजे. आमच्याकडचे काही नातलग डांगमध्ये तीनदा बुडवतात, तेही तोंड पुढे करून. बरोबर काय?
– मंडळीचे वडील, रावेर तालुका

आबा, ‘दिदाखे’ नावाची फार जुनी ख्रिस्ती पुस्तिका आहे, पहिल्या-दुसऱ्या शतकातली. तिच्या सातव्या अध्यायात याचं उत्तर आहे. वाहतं पाणी असेल तर त्यात. नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड पाण्यात जमत नसेल तर कोमट. तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. हे वाचलं की वाटतं, लिहिणाऱ्याने मे महिन्यातली आपली पांझरा नदी पाहिली असावी. वडाच्या सावलीत बादली ठेवून घेतलेला बाप्तिस्माही त्या पुस्तिकेप्रमाणे चालतो.

तीनदा पुढे बुडवणं ही ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ या मंडळीची रीत. त्यांच्या मिशनने डांगमधल्या अहव्याकडे आणि दक्षिण गुजरातेत काम केलं, म्हणून ती तुमच्या सोयऱ्यांकडे आली. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, प्रत्येकाच्या नावाने एकदा. मागे आडवं करून एकदाच बुडवणारे रोमकरांस पत्राचा ६ वा अध्याय धरतात: पुरलं जाणं आणि उठणं. दोन्हींत अर्थ आहे, दोन्हींत भांडण्यासारखं काही नाही.

भांडण्यासारखं आहे ते शेततळ्यावर. तळाच्या प्लॅस्टिक कागदावर शेवाळ धरतं, उतार तिरपा असतो, घसरलं की हाताला काही लागत नाही. खानदेशात दर उन्हाळ्यात शेततळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. दोन पोहणारे पाण्यात उभे करा, काठावर खुंट ठोकून जाड दोर सोडा, म्हाताऱ्यांना विहिरीजवळच्या सिमेंटच्या हौदात द्या. ते पाणीही पाणीच आहे.

बाप्तिस्मा घेतला की आदिवासीचा दाखला जातो का?
– एक वाचक, नवापूर

अनुसूचित जमातीच्या दाखल्याला धर्माची अट नाही. अनुसूचित जातीचं वेगळं. तिथे १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध, एवढेच धरले जातात. गावात लोक हे दोन्ही एकात मिसळतात.

मी ख्रिस्ती नाही, शिक्षिका आहे. माझा एक सहकारी रोज बायबल वाचतो, येशूला गुरू मानतो, बाप्तिस्मा मात्र घेत नाही. तुम्ही लोक त्याला आपला मानता का?
– एक शिक्षिका, चोपडा

बाई, मंडळीच्या वहीत त्याचं नाव नसेल, आणि प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, बहुतेक ठिकाणी त्याला थांबवतील. पण या प्रश्नावर मराठी माणसांनी बराच विचार करून ठेवलाय. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घर फुटलं, लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या. त्याच टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ नावाचा संघ काढला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तशिष्य चालणार होते. बाप्तिस्म्याची पुरी किंमत मोजलेला माणूस हे म्हणतो, म्हणून मी ते हलक्यात घेत नाही. तुमच्या सहकाऱ्याने मात्र, घरच्यांच्या भीतीने थांबलोय की पटलं नाही म्हणून, हे स्वतःशी तरी नीट ठरवावं. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती मंडळीचे लोक बाप्तिस्मा करत नाहीत, पण ते विचारपूर्वक.

पंडिता रमाबाईंचंही सांगते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्याच वेळी अडीच वर्षांच्या मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. आईने घेतला, लेकीचा झाला. पुढे बऱ्याच वर्षांनी रमाबाईंनी लिहिलं, की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला.