दीडशे शब्दांत मावणारा प्रश्न

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

खासदारकीची शपथ घेतलीस त्या रात्री तुझा फोन आला. "काका, माझी जागा इतकी मागे आहे की पुढचं कोण काय बोलतंय ते कानाला यंत्र लावल्याशिवाय कळत नाही. इथून मी काय करणार?" तेव्हा मी गप्प राहिलो, कारण उत्तर फोनवर सांगण्याएवढं लहान नव्हतं. आता निवांत लिहितो. अठ्ठावीस वर्षं दिल्लीत राहून मी आपल्याकडच्या खासदारांचे प्रश्न लिहिले. चार खासदार पाहिले, दोन सत्तेतले, दोन विरोधातले. चौघेही तुझ्यासारखेच मागच्या बाकांवर बसत.

भाषणाची फार आस धरू नकोस. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत वेळ पक्षाला मिळतो, तो आधी ज्येष्ठांना जातो आणि तुझ्या वाट्याला रात्री आठनंतर चार मिनिटं उरतात. समोर बाकं रिकामी असतात. त्या चार मिनिटांत दुष्काळ, कांदा, रेल्वे, ऊसतोड मजूर असं सगळं कोंबलं की एकाही गोष्टीचं उत्तर द्यावं लागत नाही. मंत्री मान डोलावतात आणि विषय संपतो.

प्रश्नाचं तसं नाही. प्रश्न पक्षाच्या कोट्यातून येत नाही, सोडतीतून येतो. सोडतीला ज्येष्ठता कळत नाही, घराणं कळत नाही. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित (ज्यांचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) आणि २३० अतारांकित (ज्यांचं उत्तर लेखी येतं) प्रश्न लागतात. पहिल्या टर्मच्या खासदाराचा प्रश्न यादीत पहिला आलेला मी पाहिला आहे. पक्षादेश मतदानाला लागतो, प्रश्न विचारायला लागत नाही, हेही ध्यानात ठेव. तू सत्ताधारी बाकावर आहेस म्हणून विचारू नकोस असं कोणी प्रेमानं सांगेल. त्याला फिरोज गांधींची आठवण दे. ते रायबरेलीचे खासदार, पंतप्रधानांचे जावई, सत्ताधारी पक्षातले आणि मंत्रिपद कधीच नसलेले. १९५७ मध्ये सरकारी आयुर्विमा महामंडळानं उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर घेतले होते. सभागृहात आधी साधा प्रश्न आला, त्याला मोघम उत्तर मिळालं. फिरोज गांधींनी ते सोडलं नाही. डिसेंबरात ते कागद घेऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या भाषणात आकडे होते, तारखा होत्या. न्यायमूर्ती छागलांचा आयोग नेमावा लागला, मुंबईत उघड सुनावणी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींनी राजीनामा दिला.

तुझ्याकडून मी अर्थमंत्र्यांच्या राजीनाम्याची अपेक्षा करत नाही. मला हवाय तो एका शेतकऱ्याच्या पासबुकापर्यंत पोचणारा प्रश्न. तो कसा तयार होतो ते एका उदाहरणानं सांगतो, कारण माझा स्वतःचा पहिला मसुदा तिथे चुकला होता.

तुझ्याच मतदारसंघातलं गाव. सोयाबीन काढून शेतात पसरलेलं आणि वरून पाऊस. आम्ही पारावर बसलो होतो. साठीचा एक शेतकरी युरियाच्या पोत्यातून शिवलेली पिशवी घेऊन आला. आत सातबारा, पीक विम्याची पावती, पासबुक आणि शाळेच्या वहीचं फाडलेलं एक पान. पानावर त्याच्या नातीनं पेन्सिलीनं लिहिलं होतं : "सकाळी ९.१० फोन लावला, लागला नाही. ९.२५ लागला नाही. दुपारी १ लागला, मग कट झाला." अशा ओळी तीन दिवसांच्या. चौथ्या दिवशी विम्याच्या मदत क्रमांकाला फोन लागला. नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाही म्हणून दावा फेटाळला गेला. तो माणूस चिडलेला नव्हता. पान पुढे करून एवढंच म्हणाला, "हे बघा, पोरीनं सगळं लिहून ठेवलंय."

मी दिल्लीला येऊन लिहिलं : विमा कंपन्या शेतकऱ्यांवर अन्याय करतात हे सरकारला माहीत आहे काय आणि सरकार कोणती उपाययोजना करणार आहे? उत्तर आलं दोन पानी. २०१६ च्या खरिपात प्रधानमंत्री पीक विमा योजना सुरू झाली, खरिपासाठी शेतकऱ्याचा हिस्सा दोन टक्के, कंपन्यांना वेळोवेळी निर्देश दिले जातात. एक शब्दही खोटा नव्हता आणि एक शब्दही कामाचा नव्हता. दोष माझा होता. "अन्याय" म्हटलं की खात्याला निबंध लिहायची मोकळीक मिळते.

पुढच्या अधिवेशनात वहीचं पान समोर ठेवून लिहिलं. गेल्या तीन खरीप हंगामांत काढणीपश्चात नुकसानीच्या किती सूचना आल्या, जिल्हानिहाय? त्यातल्या किती फेटाळल्या? किती केवळ ७२ तासांच्या कारणावरून? मदत क्रमांकावर न लागलेल्या फोनची नोंद ठेवली जाते काय, आणि ठेवली जात असल्यास ती दावा तपासताना पाहिली जाते काय? बस्स. ही शेवटची ओळ त्या मुलीची आहे, माझी नाही.

नियम तुला पाठ होतीलच, पण चार गोष्टी आत्ताच सांगतो. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत बसवायचा. त्यात मत मागायचं नाही, टोमणा मारायचा नाही, "असं झालं तर" म्हणायचं नाही. नोटीस किमान १५ दिवस आधी द्यायची, आणि मंत्रालयांचे वार ठरलेले असतात, तेव्हा कृषीचा वार बघून दिवस मागे मोजायचे. सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे अखत्यारी. पीक विम्याची योजना केंद्राची, अधिसूचना राज्याची, कंपनी निविदेतून आलेली. "ही बाब राज्य शासनाशी संबंधित आहे" हे वाक्य खात्याला फार आवडतं. म्हणून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत जे लिहिलंय त्यावरच बोट ठेवायचं. ७२ तासांची अट तिथे आहे, मग ती पाळता येते की नाही हे केंद्रालाच विचारता येतं.

तारांकित लागला तर तुझा नंबर पुकारला जाईल, मंत्री उत्तर पटलावर ठेवल्याचं सांगतील आणि लगेच पुरवणी प्रश्न विचारायची पाळी तुझी. नवीन सदस्य इथे आभार, प्रस्तावना, मतदारसंघाची ओळख यात मिनिट घालवतात आणि माइक बंद होतो. सकाळी उत्तराची प्रत हातात आली की त्यातला एकच ढिला टाका शोध आणि तोच ओढ. मराठीत बोलायचं असेल तर आधी कळव, दुभाषाची सोय होते. "वावरात पाणी साचलं" हे तुझ्या तोंडून मराठीतच यावं असं मला मनापासून वाटतं. अतारांकित लागला म्हणून खट्टू होऊ नकोस. लेखी उत्तरात तक्ते येतात, आणि तक्ते जपून ठेवता येतात.

आमच्या त्या प्रश्नाचं उत्तर काय आलं? "माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल." आमचे खासदार हिरमुसले. मी म्हणालो, साहेब, हेच तर हवं होतं. हे वाक्य आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत ते पुरं करायचं असतं, नाही झालं तर खात्याला मुदतवाढ मागावी लागते, आणि या सगळ्यावर सभागृहाची आश्वासन समिती असते. बहुतेक सदस्य उत्तराच्या दिवशी फोटो टाकतात आणि विसरून जातात. खात्याचा सगळा हिशेब त्या विसरण्यावर असतो. तू एक वही कर, जाड पुठ्ठ्याची. तारीख, प्रश्न क्रमांक, काय कबूल केलं, मुदत कधी संपते. दर सोमवारी उघड.

आम्ही दोन पत्रं लिहिली. सातव्या महिन्यात तक्ता आला. त्यात आपल्या जिल्ह्याची ओळ होती. ती ओळ आणि वहीचं पान खासदारांनी जिल्हा तक्रार निवारण समितीपुढे शेजारी शेजारी ठेवलं. काही दावे पुन्हा तपासले गेले, त्यात त्या शेतकऱ्याचाही होता. रक्कम फार नव्हती. पण माझ्या अठ्ठावीस वर्षांत मला त्या तक्त्याइतका आनंद कुठल्याच भाषणानं दिला नाही.

शून्य प्रहराबद्दल, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे विषय मांडायच्या वेळेबद्दल, थोडंच. मुदतीत नोटीस, मग सोडत. मंत्र्यांवर उत्तराचं बंधन नाही. गावाला टीव्हीवर तू दिसतेस, त्याचंही मोल आहे, पण त्यावर थांबू नकोस. त्यापेक्षा लोकसभेच्या नियम ३७७ खाली अडीचशे शब्दांत विषय मांड. त्याचं लेखी उत्तर मंत्र्यांकडून तुझ्या नावानं येतं आणि ते गावात वाचून दाखवता येतं. खासदार निधीचे वर्षाला पाच कोटी असतात. सभामंडप, पेव्हर ब्लॉक मागणाऱ्यांची रांग त्यात तुझे सगळे शनिवार खाऊन टाकील, तेवढं सांभाळ.

आणि खोटी आशा दाखवणार नाही. काही प्रश्न विचारूनही सुटत नाहीत. ईपीएस-९५, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतल्या पेन्शनरांना २०१४ साली महिना किमान १००० रुपये ठरले. साखर कारखान्यात, सूतगिरणीत हाडं झिजवलेली माणसं त्यानंतर वर्षानुवर्षं ती रक्कम वाढवून मागत राहिली. कितीतरी सदस्यांनी, सगळ्या पक्षांच्या, हे विचारलं. निधीतल्या तुटीचं उत्तर पुन्हा पुन्हा आलं. मी स्वतः तो प्रश्न अनेकदा लिहिला, दर वेळी वेगळ्या कोनातून. ते म्हातारे तुझ्या कार्यालयात येतील. "बघतो, करतो" असं त्यांना म्हणू नकोस. आधीची उत्तरं काढून ठेव, त्यांच्यासमोर वाच, तुटीचा आकडा कशावरून काढला ते पुढच्या वेळी विचार. उत्तर तेच आलं तरी त्यांना ते तुझ्याकडून कळू दे. पोस्टाच्या रांगेत कोणाकडून तरी कळायला नको.

अधिवेशनाला अजून अवधी आहे. नोटिशीच्या तारखेआधी तुला दोन शनिवार मिळतात. एक त्या गावाला दे. कार्यकर्त्यांचा ताफा नेऊ नकोस, पारावर बस आणि पिशव्या उघडायला सांग. ती नात आता कॉलेजात जाते. तिला माझं नाव सांग, आणि फोन अजून कट होतो का ते विचार. ती काय सांगते ते लिहून मला पाठव, मसुद्याला मी लगेच बसतो.

तुझा,
काका