डब्ल्यूएचओत जायला आधी एमबीबीएसच लागतं का?

लातूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीने दोनदा नीट दिली, सरकारी कॉलेज मिळेल इतके मार्क पडले नाहीत, आता ती तिसऱ्यांदा बसायला नाही म्हणतेय. तिला जागतिक आरोग्य संघटनेचे नियम बदलण्याच्या कामात जायचंय. वडिलांचं म्हणणं, आधी डॉक्टर हो मग जग सुधार.

सर, मार्कांचं नंतर बघू. मला खटकलं ते हे की महासाथ कराराच्या (पुढची महासाथ आली तर देशांनी मिळून काय करायचं, हे ठरवणारा संघटनेचा करार) नोट्स काढलेली तिची वही तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवलीय, रिझल्ट लागल्यावर देणार म्हणून. एकोणीस वर्षांच्या पोरीची वही! दोन वर्षं क्लासला जाऊन जाऊन थकलेली मुलगी रात्री आपणहून वाचतेय काय, तर नव्या साथीच्या विषाणूचे नमुने गरीब देशांनी लगेच द्यायचे पण त्यावरून बनलेली लस त्यांना कधी न किती मिळणार. मे २०२५ मध्ये करार मंजूर झाला तेव्हा नेमका हाच भाग वेगळ्या परिशिष्टासाठी मागे ठेवावा लागला, इतकं त्यावर देशांचं जमत नव्हतं. याला तुम्ही टाइमपास म्हणता? स्पष्ट सांगते, मला राग आला.

आणि 'डॉक्टर नसेल तर तिथं विचारतं कोण' हे डोक्यातनं काढा. सध्याचे प्रमुख टेड्रोस स्वतः एमबीबीएसवाले डॉक्टर नाहीत, बायोलॉजी शिकले, कम्युनिटी हेल्थमध्ये पीएचडी केली, इथिओपियाचे आरोग्यमंत्री आणि मग परराष्ट्रमंत्री झाले. तिथली खरी भांडणं पैशाची आणि अधिकाराची असतात. देशांची ठरलेली वर्गणी बजेटच्या पाचव्या हिश्श्याइतकीसुद्धा भरत नव्हती, बाकी सगळा देणग्यांचा पैसा आणि त्यातला बराचसा देणारा सांगेल त्याच कामाला लावायचा, म्हणून २०२२ मध्ये ही वर्गणी हळूहळू मूळ बजेटच्या निम्म्यावर न्यायचं ठरलं. संघटना कुठल्या देशावर लॉकडाऊन लादू शकत नाही, त्या देशाने हो म्हटल्याशिवाय तपासायला आतही जाऊ शकत नाही. हे बदलायचं तर कायदा, अर्थशास्त्र आणि वाटाघाटी येणारी माणसं लागतात.

रस्ते सांगते. पाच वर्षांच्या लॉसाठी सीईटी किंवा क्लॅट, नाहीतर इकॉनॉमिक्स घेऊन पुढे पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स. यूपीएससीतून परराष्ट्र सेवाही आहेच, कारण जिनिव्हात, म्हणजे संघटनेचं मुख्यालय आहे तिथं, मत देतात ते देश. तिथली नोकरी मात्र लगेच मिळेल असं तिनेही धरून चालू नये, अमेरिकेने हात काढून घेतल्यावर संघटनेत माणसं कमी केलीयत.

तुमच्या दोन पानी पत्रात तिचं म्हणणं जेमतेम दोन ओळींत आलंय. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पोस्टात टाकायच्या आधी ते तपासू नका.