इशारा आला, पुढे काय?

प्रश्न : उष्णतेच्या लाटेचा इशारा आता आधीच मोबाइलवर येतो. तरीही माणसं दगावतात. वस्तीने नेमकं करायचं तरी काय?

उत्तर : लाट कधी येणार ते इशारा सांगतो, कोणाचं दार वाजवायचं ते तुम्हालाच ठरवावं लागतं. ऑगस्ट २००३च्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० जादा मृत्यू झाले. त्यातले बहुतेक पंचाहत्तरी ओलांडलेले, कित्येक जण घरात एकटे. त्यानंतर तिथल्या नगरपालिकांना अशा लोकांची नोंदवही ठेवणं बंधनकारक झालं. पण नाव देणं ऐच्छिक, आणि ज्याला सर्वांत गरज तो आपणहून येत नाही. म्हणून यादी घरोघरी फिरूनच करा, तीही उन्हाळ्याआधी.

एकटे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, तान्ही बाळं, गरोदर स्त्रिया, हृदयाचे-मूत्रपिंडाचे रुग्ण आणि पत्र्याखाली राहणारे, एवढे तरी त्यात हवेतच. लघवी वाढवणाऱ्या आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्यांनी उष्मा जास्त बाधतो. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, गोळ्या परस्पर बंद करू नका. दहा घरांमागे एक माणूस नेमा आणि तो नसेल तेव्हा कोण, हेही लिहा. नुसत्या फोनवर भागवू नका. उष्माघातात माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो आणि तरी ‘मी बरा आहे’ म्हणतो. असं दिसलं की ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत सावलीत न्या, जादा कपडे काढा, अंगावर सतत पाणी ओतून वारा घाला. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

खोलीतली हवा ४० अंशांवर गेली की नुसता पंखा उलट अंग तापवतो.

सामायिक थंड खोली ठरवली असेल तर ती रात्रीही उघडी ठेवा. रात्र तापलेलीच राहिली तर शरीराला उसंत मिळत नाही. योजना फसतात त्या बहुधा किल्लीपाशी आणि विजेपाशी. किल्ली तिघांकडे द्या. वीज गेली की पंप आणि लिफ्टही बंद पडते, म्हणून खोली तळमजल्यावर हवी आणि पाणी आधीच भरलेलं हवं. एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून पाहा. कागदावरचे दोष तेव्हाच कळतात.

प्रश्न : पुरानंतर उकळायची सोय नसेल तर पाणी कसं शुद्ध करावं?

उत्तर : ५ ते ६ टक्के क्लोरीनचं, सुगंध नसलेलं साधं द्रव ब्लीच घ्या. स्वच्छ पाण्याला लिटरमागे २ थेंब. गढूळ असेल तर निवळू द्या, फडक्याने गाळा आणि ४ थेंब घाला. ढवळून ३० मिनिटं थांबा. हलका वास यायला हवा. नसेल तर तेवढेच थेंब पुन्हा घालून आणखी १५ मिनिटं थांबा. ब्लीच वर्षभरात कमजोर होतं, म्हणून बाटलीवर तारीख लिहा. पाण्यात तेल किंवा कीटकनाशक मिसळल्याची शंका असेल तर क्लोरीनही उपयोगाचं नाही आणि उकळणंही. ते पाणी पिऊच नका.