पॅनेल गेलं म्हणण्याआधी टॉर्च मारून बघा

आवाज येतोय, रिमोटने चॅनेल बदलतोय, पण पडदा काळा. चालू करताना अर्धा सेकंद चित्र चमकतं आणि जातं. टीव्ही ४३ इंची, साडेचार वर्षं वापरलेला. मेकॅनिकने न उघडताच "पॅनेल गेलं, १७ हजार" सांगितलं आणि नवा २३ हजारांत मिळतोय, तर काय करावं, असं तुम्ही विचारलंय. मी तर म्हणेन, आधी हे दोन्ही आकडे बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलेल्या खुणा पॅनेल गेल्याच्या नाहीत.

पिक्चर ट्यूबच्या काळापासून मी हेच काम करतोय. तेव्हा कुठलाही टीव्ही बंद पडला की "एलओटी उडाली", म्हणजे पिक्चर ट्यूबला मोठं व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर गेला, म्हणायचे, आता "पॅनेल गेलं" म्हणतात. सगळेच फसवतात असं नाही. पण बरेच जण उघडायचा कंटाळा करतात, हे मात्र खरं.

आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो आतून एलसीडीच. चित्र काचेवर, म्हणजेच पॅनेलवर, तयार होतं, पण काचेला स्वतःचा उजेड नसतो. तो मागच्या पत्र्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांवरच्या एलईडी देतात. या एलईडी दिवाळीच्या जुन्या माळेसारख्या एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. एक ओपन झाली, म्हणजे आतून तुटली, की अख्खी ओळ विझते. मग ड्रायव्हरला, म्हणजे पट्ट्यांना वीज पुरवणाऱ्या सर्किटला, गडबड कळते आणि तो सगळाच बॅकलाइट, म्हणजे हा मागचा उजेड, बंद करतो. तुमचं ते अर्धा सेकंद चमकणं म्हणजे बहुधा हेच.

आज रात्री एक करा. खोलीतले दिवे घालवा, टीव्ही चालू करा, रिमोटवरचं मेन्यूचं बटण दाबा. मोबाइलची टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवा, थोडी तिरकी धरा आणि हळूहळू सरकवा. अंधुक, धुरकट अशी मेन्यूची अक्षरं दिसली, तर काच चांगली आहे आणि मेन बोर्डही चांगला आहे. फक्त मागचा उजेड गेलाय. काहीच दिसलं नाही तर जागा बदलून पुन्हा बघा, पहिल्या फटक्यात सगळ्यांना सापडत नाही.

पुढचं काम मेकॅनिकचं. मागचं झाकण तुम्ही उघडू नका. पॉवर बोर्डावरचा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही चांगला झटका देऊ शकतो. पण त्याच्यासमोर उभं राहून बघा. बॅकलाइटच्या कनेक्टरवर मीटर लावला की टीव्ही चालू करताना व्होल्टेज क्षणभर उसळून खाली आलं, तर पट्टी ओपन आहे. जागचं हललंच नाही, तर बिघाड ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पट्ट्यांना हात न लावता बोर्डावरच काम होईल. नेमकी कुठली एलईडी गेली ते एलईडी टेस्टरने कळतं. गेलेलीवर बहुतेक वेळा बारीक काळा ठिपका दिसतो.

इथे एक हट्ट धरा: एकच एलईडी बदलून घेऊ नका, पूर्ण सेट बदला. बाकीच्याही तेवढ्याच तापलेल्या असतात. एक बदलली की महिन्या-दोन महिन्यांनी शेजारची जाते आणि मग पुन्हा मजुरी. आमच्याकडे ४३ इंचीचा सेट मजुरीसकट अडीच-तीन हजारांत होतो. शहराप्रमाणे थोडं इकडेतिकडे. ड्रायव्हरचा करंटही थोडा कमी करून द्यायला सांगा. उजेड जरा मंद वाटेल, पण पट्ट्या टिकतील. घरी आल्यावर सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरवर असेल तर साठ-सत्तरवर आणा. दुकानात झगझगीत दिसावा म्हणून ठेवलेलं ते सेटिंग घरात वर्षानुवर्षं तसंच चालतं आणि पट्ट्या भाजून निघतात.

खरा धोका पट्टीत नाही, काच उचलण्यात आहे. पट्ट्यांपर्यंत जायचं तर पॅनेल काढावंच लागतं. मी एकदा घाईत ४० इंची एकट्याने उचललं. कोपऱ्यातून "टिक्" एवढाच आवाज आला. गिऱ्हाइकाला दुसरा टीव्ही माझ्या खिशातून द्यावा लागला. त्यामुळे काच दोघांनी उचलायची, आणि ती फुटली तर जबाबदारी कोणाची हे कामाआधीच बोलून घ्यायचं. जो या प्रश्नावर चिडतो त्याच्याकडे टीव्ही देऊ नका.

आता पॅनेल खरंच गेलेलं कधी समजायचं? तडा, शाई सांडल्यासारखा डाग किंवा उभ्या रंगीत रेघा. कडेला हलकं दाबल्यावर रेघ जात असेल तर काचेला जोडलेली चिकटपट्टीसारखी केबल सुटलेली असते. मशीनवर ती पुन्हा बसवून देतात, पण माझ्या अनुभवात ते फार टिकत नाही. तिथे मी पैसे घालायला सांगत नाही. पडद्यावर नुसते पांढरे गोल ठिपके दिसत असतील तर घाबरू नका, आतल्या एलईडीवरची भिंगं गळून पडलेली असतात. कंपनीच्या लोगोवरच अडकून बसणारा टीव्हीही बऱ्याचदा सॉफ्टवेअर पुन्हा भरून सुटतो.

वयाचं म्हणाल तर साडेचार वर्षं म्हणजे काही म्हातारा नव्हे. माझा हिशोब साधा आहे: दुरुस्ती नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसत असेल आणि काच शाबूत असेल, तर करून घ्यावी. तुमच्या २३ हजारांचा तिसरा हिस्सा साडेसात हजारांच्या आसपास येतो, पट्ट्यांचं काम त्याच्या निम्म्यातही बसावं. पॅनेलच निघालं तर मात्र नवा घ्या. जुना भंगारात देताना बोर्ड चालू आहेत हे सांगा, फुटक्या काचेच्या टीव्हीचे बोर्ड मेकॅनिक आवडीने घेतात.

टॉर्चमध्ये काय दिसलं ते कळवा. सोबत मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबरही द्या, पूर्ण, शेवटच्या अक्षरांसकट. एकाच नावाच्या टीव्हीत दोन वेगळ्या पट्ट्या निघतात आणि मग पट्ट्या आणायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो.